सव्वा तासाचा आरोप

गेली पंधरा वर्षं मी पुण्यात एका सव्वा तासामुळे ओळखली जाते. काही जण त्या सव्वा तासासाठी मला व्याख्यानाला बोलावतात आणि काही जण त्याच सव्वा तासासाठी व्याख्यानातून उठून जातात. मला दोन्ही प्रकारची माणसं चालतात. पुस्तक न वाचता वर्तमानपत्राला पत्र लिहिणारी तेवढी चालत नाहीत, आणि आमच्या शहरात त्यांना तोटा नाही.

माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. मी खडकीत वाढले, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. वडील कारखान्यात कामगार होते आणि पुढे मीही एका सरकारी कचेरीत नोंदी ठेवायच्या नोकरीला लागले. आवक-जावक, तारीख, वेळ, सही. तीस वर्षं हेच काम केल्यावर माणूस कुठल्याही कागदाकडे संशयानेच बघतो, आणि इतिहासाला याहून जास्त काही लागतं असं मला आजही वाटत नाही. प्राध्यापक मंडळींना वाटतं. वाटू दे.

क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारच्या खोलीत कारखान्याचे एक वॉचमन राहायचे. आम्ही मुलं त्यांना वॉचमनकाका म्हणायचो. साताऱ्याकडचे, बुटके, मिशीवाले, आणि बोलायला लागले की थांबायचे नाहीत. नोकरीला लागण्याआधी ते फौजेत होते. ईशान्येच्या डोंगरात, देशाच्या पार शेवटच्या टोकाला, एका टेकडीवरच्या चौकीत त्यांची तुकडी लढली होती. तिथून जिवंत खाली उतरलेल्या मोजक्या माणसांत ते होते. त्यांची गोष्ट नेहमी एकाच वाक्याने संपायची, "दिवस कासराभर वर आला आन् आमी टेकडी सोडली." कासरा म्हणजे बैलाचा दोर. सूर्य क्षितिजापासून त्या दोराएवढा वर दिसला की गावाकडचे लोक 'कासराभर दिवस आला' म्हणतात. मला ते वाक्य लहानपणापासून पाठ होतं.

त्या चौकीवर एक छोटी पुस्तिका निघाली होती. ती मी पस्तिशीत वाचली आणि माझं कुतूहल चाळवलं. पुस्तिकेत होतं की माघारीचा हुकूम मिळताच तुकडी शिस्तीत खाली आली. हुकूम कधी मिळाला याबद्दल वाद नव्हता. बिनतारी संदेशांच्या नोंदवहीची नक्कल मी स्वतः मिळवली, तिच्यात सकाळचे साडेसहा लिहिले होते. टेकडी कधी सोडली, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं. हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पण उजाडल्यानंतरच्या तोफमाऱ्यात अकरा माणसं गेली होती. हुकूम आल्याबरोबर तुकडी निघाली असेल, तर त्या अकरांना कोणीच वाचवू शकलं नसतं. उशिरा निघाली असेल, तर ती माणसं खाली उतरायची परवानगी हातात असताना मेली, आणि मग कोणाला तरी जाब विचारायला हवा. ती परवानगी एकाच माणसाच्या हातात होती. चौकीचे कॅप्टन. पुढे ते कर्नल होऊन निवृत्त झाले आणि कोथरूडला स्थायिक झाले. नोकरी संपल्यावर मीही कोथरूडलाच राहायला आले, त्यांच्या घरापासून दोन बसथांबे अलीकडे.

माझ्या पद्धतीबद्दल एवढं बरंवाईट बोललं गेलं आहे की ती मीच सांगते. खाली उतरलेल्यांपैकी वॉचमनकाका धरून आठ जण मला सापडले. मी प्रत्येकाला वेगवेगळं भेटले. 'काय झालं?' असं मी कोणालाही कधी विचारलं नाही, कारण ते विचारलं की माणूस दुसऱ्याकडून ऐकलेलं म्हणून दाखवतो. मी विचारायची, पायात काय होतं, शेवटचं काय खाल्लं, सावली कुठल्या हाताला पडत होती. त्यांच्या ओसरीवर त्यांच्याच हाताने खडूने टेकडी काढून घ्यायची. एका घरी दुसऱ्या दिवशी गेले तर सुनेने टेकडी सारवून टाकली होती. सासऱ्यांनी ती पुन्हा काढली आणि ती पहिलीपेक्षा बोटभरही वेगळी निघाली नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाची टेकडी मुद्दाम पुसायला लावायची आणि दोन दिवसांनी परत काढायला सांगायची. ज्याच्या दोन टेकड्या जुळल्या नाहीत त्याची साक्ष मी घेतली नसती. आठही जुळल्या.

घड्याळातली वेळ मात्र मी कोणाला विचारायची नाही. शिपायाला घड्याळातली वेळ कोणीतरी नंतर सांगितलेली असते, सूर्य त्याने स्वतः पाहिलेला असतो. हे माझं मत आजही कायम आहे. साहेबांबद्दल ते चांगलं-वाईट बोलले तर मी लिहून घ्यायची, पण पुस्तकात वापरायची नाही. सगळं झाल्यावर वही त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची आणि प्रत्येक पानाखाली सही किंवा अंगठा घ्यायची. आठ माणसं, आठ वह्या. साक्षीदारांची नावं छापायची नाहीत हा नियम मी केला होता. त्यांनी तो मागितला नव्हता.

या आठ जणांची आणि कॅप्टनची एक रीत होती. दर वर्षी चौकीच्या दिवशी ते कोणा एकाच्या गावी जमायचे, पंगत बसायची आणि साहेब स्वतः वाढायचे. पलटणीत ज्यांना 'साहेब' म्हणून ताठ उभं राहायचं, त्याच साहेबांच्या हातची आमटी ताटात. मला ही पंगत अजिबात पसंत नव्हती. साक्षीदार आणि आरोपी वर्षातून एकदा एकत्र जेवतात म्हटल्यावर साक्षी एकसारख्या होणारच, असं मी पुस्तकात लिहिलं. म्हणून मी सगळ्यांना त्या दिवसापासून लांब, वेगवेगळ्या महिन्यांत गाठलं.

आठही जणांनी, एकमेकांना न विचारता, मला एकच सांगितलं. टेकडी सोडली तेव्हा दिवस कासराभर वर आला होता.

यावर कुठला संशोधक खूश होणार नाही? आता फक्त कासऱ्याचे तास-मिनिटं करायचे होते. धायरीत तेव्हा थोडी शेतं शिल्लक होती. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर मी हिवाळ्याच्या तोंडाशी आठवडाभर रोज सकाळी बांधावर उभी राहिले. तो "आता कासराभर" म्हणाला की मी घड्याळ बघायची. हात लांब करून धरलेल्या मुठीवर दोन बोटं, एवढ्या उंचीवर सूर्य आला की तो म्हणायचा. सूर्योदयानंतर तास आणि पाच मिनिटं. आठवडाभरात दोन मिनिटांचाही फरक पडला नाही. मग त्या वर्षाचं जुनं पंचांग मिळवलं, नोव्हेंबरातल्या त्या दिवसाचा सूर्योदय काढला, त्यात तास आणि पाच मिनिटं मिळवली. उत्तर आलं पावणेआठ. हुकूम साडेसहाचा. मी पुस्तकात लिहिलं, 'कॅप्टननी हुकूम सव्वा तास खिशात ठेवला.' त्या एका वाक्यावर पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या.

पुढचं युद्ध मी घरबसल्या लढले. माजी सैनिकांच्या एका मंडळाने माझं व्याख्यान बंद पाडलं. एका प्राध्यापकांनी लिहिलं की बाईंची साधनं म्हणजे खडू आणि फडकं. एका वाचकाने लिहिलं, 'लेखिकेने चौकी पाहिलेली नाही, डोंगर पाहिलेला नाही, तिथले पावणेआठ मात्र त्यांना इथून दिसले.' हे पत्र मी कापून ठेवलं, कारण तिरकसपणा चांगला साधला होता. तिकडे जायला परवाने लागतात, मी दोनदा अर्ज केला, दोनदा नाकारला गेला, आणि नंतर मीच ठरवलं की माझ्याकडे आठ वह्या आहेत, मला डोंगर कशाला हवा?

कर्नल स्वतः फक्त एकदा बोलले. एका ग्रंथालयाच्या सभागृहात ते मागच्या रांगेत उभे राहिले. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट.

"हुकूम आला आणि आम्ही निघालो. माझ्या घड्याळात साडेसहाच वाजले होते," ते म्हणाले. "आपण माझ्या माणसांच्या वह्या मला दाखवाल का?"

"अधिकाऱ्याचं घड्याळ नोंदवहीशी जुळणारच," मी म्हणाले. "आणि वह्या मी दाखवत नसते. साक्षीदारांना मी शब्द दिलेला आहे."

टाळ्या पडल्या. ते खाली बसले आणि त्यानंतर कधीही, कुठेही एक अक्षर बोलले नाहीत. पुढे भाजीवाल्याकडे समोरासमोर आलो तर ते पिशवी घेऊन दुसऱ्या बाजूला जायचे. मी मनात म्हणायची, बोलायला काही असतं तर बोलले असते.

मागच्या वर्षी माझ्या मुलीची बँकेने वरच्या आसामात बदली केली. नव्या जागेतून तिने मला पहिला व्हिडिओ कॉल केला तो नोव्हेंबरातल्या एका सकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी. आमच्या गल्लीतले दिवे अजून चालू होते. मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते.

"आई, अंधारात काय बसलीयेस? दिवा लाव की," ती म्हणाली.

तिच्यामागे गॅलरी होती आणि गॅलरीतल्या कपड्यांवर ऊन होतं. चांगलं, पिवळं, पसरलेलं ऊन.

"तुझं घड्याळ बिघडलंय," मी म्हणाले.

"घड्याळ तुझ्यामाझ्याकडे एकच आहे गं. ऊन इकडे आधी येतं. अर्धा तास झाला उजाडून. शाळेत शिकवलेलं विसरलीस?"

विसरले नव्हते. पूर्वेला आधी उजाडतं हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतं. पंचांगावरही लिहिलेलं असतं की यातला सूर्योदय अमुक गावचा आहे. मी ते वाचलं होतं आणि चारपाच मिनिटांचा फरक असेल म्हणून सोडून दिलं होतं. खडकीच्या कचेरीत एका मिनिटाच्या चुकीसाठी मी कारकुनांना रजिस्टर पुन्हा लिहायला लावलं होतं. वह्या मी प्रत्येकाला वाचून दाखवल्या, पण कासऱ्याचं पावणेआठ मी घरी बसून केलं आणि ते कोणालाही वाचून दाखवलं नाही. एकालाही दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, "अवो, तितं लई लवकर उजाडतं." मला स्वतःचा इतका राग आला की मी मुलीचा फोन बंद केला.

पण हातपाय गाळून बसणं माझ्या स्वभावात नाही. अर्ध्या तासाने मी तिला परत फोन केला आणि कामाला लावलं. मुठीवर दोन बोटं कशी धरायची ते शिकवलं. तीन दिवस तिने गच्चीवर उभं राहून वेळ घेतली, सहा अडतीस. ती जिथे आहे तिथून टेकडी आणखी पूर्वेला, म्हणजे अजून आठ-एक मिनिटं वजा. मी तीन वेळा हिशेब केला, एकदा उलटाही केला. टेकडीवर कासराभर दिवस येतो साडेसहाला. हुकूम आला आणि ते निघाले.

पुढे हे मी वर्तमानपत्रात सहीनिशी छापलं, आणि पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत पहिल्याच पानावर घातलं. बारीक टाइपात नाही, तळटिपेत नाही. प्राध्यापक आनंदले. खडू आणि फडक्याचा त्यांनी पुन्हा एकदा उल्लेख केला. मी त्यांना उत्तर दिलं की चूक खडूची नव्हती, चूक माझी होती, आणि ती सापडली ती वह्यांमुळेच. मी वह्यांत थेट घड्याळातली वेळ लिहिली असती, तर ही चूक माझ्याबरोबर वैकुंठात गेली असती. हे उत्तर लिहिताना मला ताठ मानेने लिहिता आलं. आपली चूक आपण शोधून काढणं यात कमीपणा आहे असं मला वाटत नाही.

पण छापायला देण्याआधी मी कर्नलांकडे गेले. आठही वह्या पिशवीत घातल्या आणि चालत निघाले. दार सुनेने उघडलं. मला ओळखल्यावर ती दार लोटणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "येऊ दे त्यांना."

नव्वदीला आलेला माणूस. शर्टाला अजून इस्त्री होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "साहेब, पुस्तकातला सव्वा तास खोटा आहे. तुम्ही साडेसहालाच निघाला होता. चूक माझी झाली. काय झालं ते सांगते, आणि या वह्या."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पंचांगापाशी आल्यावर त्यांनी डोळे मिटले. मी थांबल्यावर म्हणाले, "पंधरा वर्षं लागली तुम्हाला उजाडायला."

मी पिशवीतल्या वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

मग त्यांनी भिंग मागवलं आणि वह्या वाचायला सुरुवात केली. सून दोनदा चहा ठेवून गेली. पहिल्या वहीतलं कासऱ्याचं वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचलं, मग दुसऱ्या वहीतलं, मग तिसऱ्या. मध्ये मध्ये साहेबांबद्दलची वाक्यं होती, जी मी पुस्तकात घेतली नव्हती. साहेबांनी आपली पाण्याची बाटली दिली. साहेब सगळ्यात शेवटी उतरले. साहेबांनी मला शिवी दिली, पण उचललं त्यांनीच. चौथ्या वहीवर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"पावणेआठ कुठे आहे यात?"

"यात नाही. पावणेआठ माझं आहे."

"म्हणजे, मी त्यांना थांबवून ठेवलं, असं त्यांच्यातलं कोणी म्हणालं नाही?"

"कोणीच नाही."

ते हळू बोलायला लागले. "बाई, लोकांनी काय वाचलं त्याचं मला फारसं वाटलं नाही. मला वाटत होतं, माझ्या माणसांनी तुम्हाला हे सांगितलं. आठ जणांनी. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवले आणि मनात हे होतं. मग कुठल्या तोंडाने वाढायला जायचं?"

पंगतीला ते त्या वर्षापासून गेले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. आमंत्रणं येत राहिली. पत्रं आली, लग्नपत्रिका आल्या. त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. दोनतीन वर्षांनी पत्रं यायची थांबली. मी ती पंगत पुस्तकात संशयास्पद ठरवली होती, आणि ती मोडली कोणी, तर मी. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही आणि त्यांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

"मी सगळं छापणार आहे," मी म्हणाले. "पहिल्या पानावर."

"ते तुमचं तुम्ही बघा. आठांतलं आता कोण आहे?"

"एक जण. खडकीला कारखान्यात वॉचमन होते ते, आमचे वॉचमनकाका. धायरीला मुलाकडे असतात."

"धायरीला? इथे?" त्यांनी काठी शोधली. "मला वाटलं गावी गेला असेल. चला. आत्ता."

रिक्षाने कोथरूडहून धायरीला पोचायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. सिंहगड रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली की कर्नल काठी खाली आपटायचे. मी मनात वाक्यं जुळवत होते. मी कधीच वाक्यं जुळवत नाही, मला ती आपोआप सुचतात.

काका इमारतीच्या मागच्या बाजूला उन्हात खाटेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, मिशी पांढरी शुभ्र, पण ऐकायला चांगलं येत होतं. कर्नलांनी फक्त काकांचा फौजेतला हुद्दा उच्चारला. काका खाटेवरून उठायला लागले, तोल गेला, मुलाने धरलं. उभं राहून त्यांनी सलाम केला, आणि कर्नलांनी तो घेऊन त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

"साहेब," काका म्हणाले. "किती वर्सं झाली. आमी सात वर्सं ताट वाढून ठेवलं तुमचं. आमचं काय चुकलं व्हतं?"

उत्तराची वाट न बघता काका पुढे बोलत राहिले. "मला ठावं हाय. त्या पुस्तकात आमच्यातल्या कुनीतरी तुमच्याबद्दल वंगाळ सांगितलं. समद्यांनी शपता घेतल्या, मी न्हाई, मी न्हाई म्हनून. पन कुनीतरी बोललंच आसनार की. मरायच्या आदी एवढंच सांगा साहेब. आमच्यातलं कोन बोललं?"

कर्नलांनी माझ्याकडे पाहिलं. हे उत्तर त्यांनी द्यायचं नव्हतं.

मी खाटेजवळ गेले. "काका, मी आहे. क्वार्टर्समधली, शेजारची."

"पोरी, तू बी आलीस?"

"काका, कोणीच बोललं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी मला खरं तेच सांगितलं होतं. कासराभर दिवस आला तेव्हा निघालो. मी इथल्या सूर्यावरून हिशेब केला, तो चुकला. ते पुस्तकात मी लिहिलं. तुमच्यातल्या कोणीही नाही."

त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा मुलाने सांगितलं, त्यांच्या कानाशी वाकून. मग त्यांनी आठांतल्या एकाबद्दल विचारलं. ते दोघे एकाच गावचे. दोघे एकाच दिवशी भरती झाले होते. टेकडीवर शेजारी शेजारी होते. त्याची वही आमच्या पिशवीत होती.

"त्यो बी न्हाई बोलला?"

"नाही, काका."

"मी त्यालाच धरलं व्हतं," काका म्हणाले. "पंगतीत, समद्यांच्या म्होरं. तूच बोललास म्हनालो. त्यो ताटावरून उठून गेला. परत त्याचं तोंड बघितलं न्हाई मी." कर्नलांचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता. "पाच वर्सांखाली त्यो गेला. निरोप आला व्हता. मंग त्याच्या मातीला मी गेलो न्हाई, ते उगंच."